धाकट्याबरोबर थोरल्यालाही न्या

पत्र: डॉक्टर, माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी देवगड तालुक्यात आमच्याकडे माहेरी आली होती. रक्तदाब वाढला आणि ३१ व्या आठवड्यातच सिझर करावं लागलं. जुळे मुलगे झाले. थोरला १७६० ग्रॅमचा, धाकटा १३८० ग्रॅमचा. दोघेही पेटीत होते. धाकट्याला आठ दिवस ऑक्सिजन लागला, थोरल्याला दोन दिवस. काल घरी सोडलं, आज त्यांचा २३ वा दिवस. कार्डावर लिहिलंय, ‘३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी’. विहीणबाई म्हणतात, सव्वा महिना होईपर्यंत पोरांना उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. जावई म्हणतात, थोरला आता दोन किलोचा झालाय, त्याला कशाला पावसात हिंडवायचं, फक्त धाकट्याला नेऊ. शेजारची म्हातारी म्हणते, ‘पोरगो दिव्याकडे बघता, मगे डोळ्यांक काय झाला?’ लेक सारखी रडते. वजन कमी म्हणून डोळे जातात का? आम्ही काय करू?
— एक आजी, देवगड

उत्तर:

ताई, तुमच्या मुलाने हे पत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं त्याच संध्याकाळी मी फोन करून तुम्हाला दोनच गोष्टी सांगितल्या: दोघांनाही न्या, आणि तिसाव्या दिवसाची वाट बघू नका. सदर येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. पण तुमच्या घरात जे बोललं गेलं तेच आपल्याकडे प्रत्येक कमी दिवसांच्या बाळाच्या घरात बोललं जातं. म्हणून आता सविस्तर लिहिते. लेकीलाही वाचून दाखवा.

या आजाराला डॉक्टर आरओपी म्हणतात, म्हणजे रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. नाव परकं असलं तरी गोष्ट तुमच्या परसातली आहे. पोफळीच्या वाडीला पाणी कसं जातं ते आठवा. विहिरीपाशी पाट सुरू होतो आणि एकेक ओळ भिजवत कुंपणाजवळच्या शेवटच्या झाडापर्यंत पोचतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याची विहीर म्हणजे डोळ्याची नस जिथे आत शिरते ती जागा. आईच्या पोटात साधारण सोळाव्या आठवड्यापासून तिथून रक्तवाहिन्या बाहेरच्या दिशेने वाढायला लागतात. नाकाकडची कड जवळ, ती ३६ व्या आठवड्याच्या आसपास गाठली जाते. कानाकडची कड लांब, तिथे पोचेपर्यंत जवळजवळ पूर्ण दिवस भरतात. तुमचे नातू ३१ व्या आठवड्यात आले. पाट अर्ध्या वाडीत असतानाच काम थांबलं.

थांबलं ते का, हेही सांगते. पोटात बाळाच्या रक्तात ऑक्सिजन बराच कमी असतो आणि त्याच्या रक्तवाहिन्यांना तेवढ्याचीच सवय असते. बाहेरच्या हवेत तो एकदम वाढतो, वरून नळीने दिला तर आणखी. ‘पुरेसं मिळतंय’ असं समजून पडदा रक्तवाहिन्या वाढवणं बंद करतो. पण बाळ तर वाढतच असतं. काही आठवड्यांनी पडद्याची कड तहानते, हाका मारू लागते. ही हाक म्हणजे व्हीईजीएफ नावाचं एक द्रव्य. ते जास्त झालं की नव्या वाहिन्या फुटतात, पण पाट सोडून वेड्यावाकड्या, नाजूक, पटकन रक्त गळणाऱ्या. पुढे त्यांचा व्रण होतो, तो आकसतो आणि पडद्याला ओढून जागेवरून उचलतो. पडदा पूर्ण उचलला गेला की आमच्या हातात फारसं काही राहत नाही.

आता कळेल की तपासणी जन्माच्या दिवशी का करत नाहीत. त्या दिवशी दिसण्यासारखं काही नसतंच. आजार तीन-चार आठवड्यांनी डोकं वर काढतो आणि एकदा चढायला लागला की पंधरा दिवसांतही हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून ३० दिवस. फारच लहान बाळं, म्हणजे २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली किंवा १२०० ग्रॅमच्या आतली, त्यांच्यासाठी तर दोन ते तीन आठवड्यांतच पहिली तपासणी सांगतात.

तुमचा मूळ प्रश्न वजनाचा. वजन आणि हा आजार यांचा संबंध अगदी पक्का आहे. अमेरिकेत १९८६-८७ मध्ये १२५१ ग्रॅमच्या आतल्या चार हजारांहून अधिक बाळांचे डोळे ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा तपासले गेले. ७५० ग्रॅमच्या आतल्या शंभरातल्या ९० बाळांना थोडाफार तरी आरओपी झाला होता. ७५० ते ९९९ ग्रॅममध्ये ७८ जणांना, १००० ते १२५० मध्ये ४७ जणांना. वजन वाढत गेलं तसा आकडा पायरीपायरीने उतरला. पण याच पाहणीतली पुढची गोष्ट लेकीला आवर्जून सांगा. एवढ्या चिमुकल्या बाळांमध्येही, त्या काळच्या मोजमापाने उपचाराची वेळ आली ती शंभरात सुमारे सहा जणांवर. बाकीच्यांचा आजार आपोआप ओसरला, रक्तवाहिन्या उशिरा का होईना पण कडेपर्यंत पोचल्या. तेव्हा कमी वजन म्हणजे डोळे जाणार, असं अजिबात नाही. कमी वजन म्हणजे या बाळाकडे वेळेवर बघायलाच हवं, एवढा त्या आकड्याचा अर्थ.

आणि वजन एकटं कधी वाचायचं नसतं. डोळ्याला ग्रॅम कळत नाहीत, आठवडे कळतात. पाट कुठवर आला हे ठरतं बाळ पोटात किती आठवडे राहिलं त्यावरून. आपल्याकडे कित्येक बाळं पूर्ण दिवसांची असूनही कमी वजनाची होतात, कारण आईच्या अंगात रक्त कमी असतं किंवा पोटात बाळाची वाढ खुंटते. १७६० ग्रॅमचं पण ३८ आठवडे भरलेलं बाळ असेल, तर त्याचा पडदा जवळजवळ तयार असतो. आणि २२०० ग्रॅमचं, अंगाने भरलेलं दिसणारं बाळ ३२ आठवड्यांत जन्मलं असेल तर त्याचा पडदा अपुरा असतो, मग ते कितीही गुबगुबीत दिसो. म्हणूनच आपल्या देशात चाळणी दुहेरी ठेवली आहे: जन्माचं वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी, किंवा दिवस ३४ आठवड्यांपेक्षा कमी. दोन्हींपैकी एक जरी लागू झालं तरी तपासणी. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला ऑक्सिजन, रक्तातला जंतुसंसर्ग, रक्त चढवणं, श्वासाचा त्रास असं काही झालं असेल तर त्याचीही तपासणी करायची.

अमेरिकेत ही रेघ १५०० ग्रॅम किंवा ३० आठवडे अशी आहे. जावई इंटरनेटवर शोधतील तर त्यांना तोच आकडा आधी दिसेल आणि थोरला त्यातून सुटल्यासारखा वाटेल. तो हिशोब इथे लावू नका. आपल्याकडे दीड किलोच्या वरच्या बाळांनाही गंभीर आरओपी होताना आम्ही बघतो. ऑक्सिजन सगळीकडे सारख्याच काटेकोरपणे मोजून दिला जात नाही, जंतुसंसर्गही जास्त. म्हणून आपली चाळणी मुद्दाम मोठ्या भोकांची नाही, बारीक ठेवलेली आहे.

थोरल्याकडे येते. दोघे एकाच पोटात, एकाच दिवशी, एकाच ३१ व्या आठवड्यात जन्मले. दोघांच्या वाडीत पाट जवळजवळ एकाच ओळीपर्यंत आलेला. धाकट्याला धोका जास्त हे खरं, कारण तो लहान आहे आणि ऑक्सिजनवरही जास्त दिवस होता. पण थोरला आठवड्यांच्या चाळणीतही अडकतो आणि वजनाच्याही. आणि ‘आता दोन किलोचा झाला’ म्हणणाऱ्या जावईबापूंना प्रेमाने पण ठामपणे सांगा: धरायचं ते जन्माचं वजन, आजचं नव्हे. त्याच्या कार्डावर १७६० लिहिलंय, ते तो वीस किलोचा झाला तरी १७६०च राहणार.

आजच्या वजनाचाही उपयोग आहे, पण वेगळा. जन्मानंतर ज्या बाळाचं वजन नीट वाढतं त्याच्या अंगात वाढीचं एक द्रव्य, आयजीएफ-१, बऱ्यापैकी असतं, आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्यांना नीट वाढायला ते लागतं. वजन अडून बसलेल्या बाळात आरओपी गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. स्वीडनमध्ये तर दर आठवड्याच्या वजनावरून धोका ओळखायची पद्धतच बसवली आहे. पहिल्या आठ-दहा दिवसांत कमी दिवसांच्या बाळाचं वजन उतरतं, त्याने घाबरू नका. त्यानंतर मात्र ते रोज थोडं थोडं चढायला हवं. आशाताई घरी येईल तेव्हा दर वेळी वजन करून घ्या, एकाच काट्यावर, कपडे काढून, आणि कार्डावर तारखेसकट लिहून ठेवा. डोळ्यांच्या डॉक्टरांना ते कार्ड दाखवा. ते विचारणार नाहीत तरी दाखवा.

यात तुमच्या लेकीच्या हातात खूप काही आहे. आईचं दूध मिळणाऱ्या बाळांना हा आजार कमी होतो. दोघांना पुरत नसेल तर जेवढं येईल तेवढं वाटीत काढून चमच्याने पाजा; थेंब थेंबही मोलाचा. बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवायची पद्धत रुग्णालयात शिकवली असेलच, कांगारू मदर केअर. ती घरी आल्यावर थांबवू नका. लेक दमली की तुम्ही एकाला छातीशी घ्या, जावई दुसऱ्याला. आणि हात धुतल्याशिवाय कुणीही बाळाला हात लावायचा नाही, मग पाहुणा कितीही मोठा असो.

तिच्या रडण्याबद्दल एक सांगायचंय. माझ्याकडे आलेल्या कितीतरी आयांनी खालच्या आवाजात विचारलंय की ग्रहण बघितलं म्हणून का, पपई खाल्ली म्हणून का. नाही. तुमच्या लेकीचा रक्तदाब वाढला, पोटात जुळं होतं, डॉक्टरांनी तिघांचा जीव वाचवायला बाळं लवकर काढली. यात तिचं काहीही चुकलेलं नाही. ऑक्सिजन दिला म्हणून डॉक्टरांवरही राग नको. पूर्वी यावर मोठा गोंधळ झाला होता. बॉस्टनमध्ये १९४२ साली डॉक्टर टेरी यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं. पुढे १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉक्टर केट कॅम्पबेल यांनी सुचवलं की जास्त ऑक्सिजन हे त्यामागचं कारण असावं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ते सिद्ध झालं. मग ऑक्सिजन एकदम तोडला, तर डोळे वाचले पण बाळं दगावू लागली. आज बाळाच्या पायाला सेन्सर लावून रक्तातला ऑक्सिजन बघतात आणि नळीतून ऑक्सिजन चालू असेल तर तो साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखतात. शंभर दिसला तर खूश व्हायचं नसतं. ही गोष्ट पेटीजवळ बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाला माहीत हवी.

शेजारच्या आजींचं निरीक्षण खोटं नाही. या वयाचं बाळ मंद दिव्याकडे वळतं. पण आजार सुरू होतो पडद्याच्या कडेला, आणि मधला भाग बराच काळ शाबूत असतो. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, चिपडं येत नाहीत, बाळ रडत नाही. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. बाहेरून जे दिसतं, बाहुलीत पांढरी झाक, ते अगदी शेवटी. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका गावातून पाच महिन्यांचं बाळ माझ्याकडे आणलं होतं. जन्माचं वजन १६५० ग्रॅम. कार्डावर डोळ्यांचा उल्लेखच नव्हता, त्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. मोबाइलवर काढलेल्या फोटोत तिला बाळाचे डोळे पांढरे दिसले म्हणून ती आली. दोन्ही पडदे पूर्ण सुटलेले होते. पुढे मोठ्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली, उजेड-अंधार कळण्यापलीकडे काही मिळालं नाही. त्या आईने मला विचारलं होतं, “चार महिने आधी आलो असतो तर?” मी खोटं बोलू शकले नाही. तेव्हापासून ‘३० दिवस’ लिहिलेलं कार्ड दिसलं की मी दुसरं काम बाजूला ठेवते.

तुमच्या डॉक्टरांनी ते कार्डावर लिहिलं, याबद्दल त्यांचे आभार माना. अशीच तपासणी न झाल्याने तामिळनाडूत दृष्टी गेलेल्या एका मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली पावणेदोन कोटींहून अधिक भरपाई द्यायला लावली. ती जन्मली १९९६ मध्ये, २९ व्या आठवड्यात, १२५० ग्रॅमची. न्यायालयात जिंकूनही तिचे डोळे परत आले नाहीत.

आता विहीणबाईंचा सव्वा महिना. त्यांना दुखवू नका. बाळंतघरात येणं-जाणं कमी, बाहेरचा वारा नाही, गर्दी नाही, या चालीमागे बाळ जगवण्याची काळजीच आहे आणि कमी दिवसांच्या बाळाला ती जास्तच लागू पडते. बारशाची गर्दी पुढे ढकला, देवदर्शन पुढे ढकला, मी त्यांच्या बाजूने आहे. फक्त सव्वा महिना म्हणजे अडतीस-चाळीस दिवस, आणि तपासणीची मुदत तीस. त्या आठ-दहा दिवसांतच आजार वर चढतो. त्यांना म्हणा, इस्पितळाची ही एक फेरी म्हणजे सव्वा महिना मोडणं नव्हे, औषधपाणीच आहे. किंवा हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

जाण्याबद्दल. आधी फोन, मग गाडी. ही तपासणी डोळ्यांचा प्रत्येक डॉक्टर करत नाही. लहान बाळांच्या पडद्याचा अनुभव असलेला लागतो. ज्या कक्षातून बाळं घरी सोडली तिथेच विचारा की आरओपी बघणारे डॉक्टर कुठे आणि कोणत्या वारी असतात. लहान मुलांच्या सरकारी तपासणी कार्यक्रमात, म्हणजे आरबीएसकेमध्ये, हा आजार पहिल्यापासून यादीत आहे, तेव्हा आशाताई आणि आरबीएसकेच्या पथकाला कळवा; सरकारी रुग्णालयात न्यायचं असेल तर १०२ च्या गाडीचंही त्यांनाच विचारा. आजारी बाळाला वर्षभर ही सोय मोफत आहे. वार जुळत नसेल, कोल्हापूर किंवा गोवा गाठावं लागणार असेल, तर मुदतीच्या दोन दिवस आधीचा दिवस धरा. जुलैत घाटात एक दरड आली की अख्खा दिवस जातो, आणि ‘रस्ता बंद होता म्हणून पुढच्या आठवड्यात’ असं म्हणायची सोय या आजारात नाही.

मोटरसायकलवर नेऊ नका. बंद गाडी, एक बाळ आईच्या छातीशी, दुसरं तुमच्या, वरून शाल, डोक्याला टोपी, पायात मोजे. तपासणीच्या तासभर आधी दूध पाजून झालेलं असू दे, म्हणजे उलटी होणार नाही. तिथे बाहुल्या मोठ्या करायला थेंब टाकतील, त्याला वेळ लागतो. मग बधिर करणारा थेंब, पापण्या उघड्या ठेवणारा छोटा चिमटा, आणि डॉक्टरांच्या डोक्यावरचा दिवा. बाळ रडेल, तुम्हाला बघवणार नाही. काही मिनिटांचं काम असतं. लेकीला बाहेर बसवायचं असेल तर बसवा, पण संपल्या संपल्या बाळ तिच्या अंगावर द्या. पापण्या जरा सुजतील, डोळा एखादा दिवस लाल दिसेल.

‘आज ठीक आहे’ असं सांगितलं तर तिथेच समाधान मानू नका. पहिला प्रश्न विचारा: रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचल्या का? पोचल्या नसतील तर आठवड्याने-दोन आठवड्यांनी पुन्हा यावं लागेल, आणि पोचेपर्यंत येत राहावं लागेल. बहुतेक घरं पहिल्या तपासणीला येतात आणि दुसरी चुकवतात. आजार दुसरीत सापडतो. पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा आणि जावयांच्या मोबाइलमध्येही टाका.

उपचार लागतील असं सांगितलं तर ते दोन-तीन दिवसांत व्हायला हवेत. तेव्हा गावी परत येऊन घरच्यांना विचारायला वेळ नसतो. निर्णय कोण घेणार हे निघतानाच ठरवून जा. पडद्याच्या तहानलेल्या कडेवर लेसर देतात, किंवा त्या व्हीईजीएफची हाक थांबवणारं इंजेक्शन डोळ्यात देतात. ‘डोळ्यात सुई’ ऐकून घरं घाबरतात आणि परत नेतात, तसं करू नका. वेळेवर झालं तर बहुतेक बाळांची दृष्टी वाचते. इंजेक्शन दिलं असेल तर नंतरच्या तपासण्या जास्त महिने चालतात, कारण आजार उशिरा परत येऊ शकतो.

आरओपी झाला काय आणि नाही काय, कमी दिवसांच्या मुलांना चष्मा, तिरळेपणा आणि एका डोळ्याने कमी दिसणं यांचं प्रमाण जास्त असतं. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास आणि शाळेत घालण्याआधी दोघांचे डोळे पुन्हा दाखवा. थोरल्याचेही.

सोमवारी जाणार असं तुमचा मुलगा म्हणाला. संध्याकाळी मला दोघांच्या कार्डाचे फोटो पाठवा, पुढची तारीख नीट दिसेल असे.